लाल रेघेच्या अलीकडे

फैजपूरचं नाव काढलं की १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आणि केळी, या दोन गोष्टींपलीकडे बाहेरचा माणूस सहसा जात नाही. ही पुस्तिका आहे अँटिबायोटिक गोळ्यांबद्दल, आणि त्याहूनही डॉक्टरला न विचारता त्या घेण्याच्या आपल्या सवयीबद्दल. अधिवेशनाशी तिचा काय संबंध, असं कोणीही विचारेल. केळीशी तर नाहीच नाही म्हणेल. पण संबंध दोन्हींशी आहे. औषधांची नेमकी माहिती पुढच्या प्रकरणांत डॉक्टर मंडळींनी दिलेली असल्यामुळे प्रस्तावनेत मी तेवढा संबंध उलगडून दाखवणार आहे.

अधिवेशन भरलं २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी ते अंगावर घेतलं, नंदलाल बोसांनी बांबू आणि इथल्याच साध्यासुध्या साहित्यातून टिळकनगर सजवलं, हे सगळं आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यांचं ते वर्ष कसं गेलं होतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला कमला नेहरू स्वित्झर्लंडमध्ये लोझानला क्षयाने वारल्या. पैसा होता, युरोपातले नावाजलेले डॉक्टर होते, डोंगरातली स्वच्छ हवा होती. औषध तेवढं नव्हतं. क्षयाच्या जंतूला मारणारं औषध तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं.

फैजपूरला मांडव उभे राहत होते त्याच डिसेंबरात तिकडे बॉस्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा घशाच्या संसर्गाने अत्यवस्थ झाला होता. नुसत्या घशाच्या! प्रॉन्टोसिल नावाच्या नव्या जर्मन सल्फा औषधाने तो वाचला आणि त्याची बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. फ्लेमिंगला पेनिसिलिन १९२८ मध्येच सापडलं होतं, पण ते माणसांपर्यंत पोचायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये मातीतल्या जंतूपासून मिळालं. १९५४ मध्ये, नेहरू पंतप्रधान असताना, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिला हात दिला. ही औषधं आपल्याच देशात, गरिबाला परवडतील अशी तयार व्हावीत, हा त्यामागचा विचार. साध्या जखमेने, बाळंतपणाने, न्यूमोनियाने माणसं जाताना ज्या पिढीने पाहिली होती, तिला या कुपीचं मोल वेगळं सांगावं लागत नव्हतं.

आता केळी. आज स्ट्रेप्टोमायसिन पाहायचं असेल तर यावल-रावेरच्या माणसाला दवाखान्यात जायची गरज नाही. कुठल्याही कृषी केंद्रात सहा ग्रॅमची पुडी मिळत आली आहे: स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैन रोपांच्या मृगबागेत उकाडा आणि ओल एकत्र आली की कंद सडतो, पोंगा पिवळा पडतो, हाताने ओढला तर झाड बुडाशी सुटून येतं. हे काम इर्विनिया जिवाणूचं. मग कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर ही पुडी पाण्यात मिसळून बुंध्याशी ओतायची. शिफारसही तशीच होती. क्षयाच्या रोग्यासाठी जे औषध जगाने डोळ्यांत प्राण आणून शोधलं, ते आपण केळीच्या मुळाशी बादलीने ओतलं. यात शेतकऱ्याचा काही अपराध आहे असं मी म्हणत नाही. त्याला सांगितलं गेलं ते त्याने केलं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, तेव्हा कुठे या पुडीकडे लोकांचं लक्ष गेलं.

मला त्या पुडीपेक्षा ती मागण्याची पद्धत जास्त बोलकी वाटते. कृषी केंद्राच्या काउंटरवर माणूस उभा राहतो आणि म्हणतो, "भाऊ, पोंगा सडू राह्यला, काय सोडू?" दुकानदार बाग न पाहता फळीवरून दोन डबे काढून देतो. तोच माणूस रस्ता ओलांडून मेडिकलवर जातो आणि म्हणतो, "पोऱ्याचा घसा धरला, मांगे देल्या होत्या त्याच गोया दे." तिथेही पोरगा न पाहता गोळ्या मिळतात. दोन्ही काउंटरांवर लक्षण सांगायचं आणि माल घ्यायचा. दोन्हीकडे देणारा ओळखीचा असतो, उधारी चालते, आणि 'फरक नाही पडला तर परत या, जास्त पॉवरचं देतो' हे वाक्यही दोन्हीकडे सारखंच.

हे अडाणीपणामुळे होतं, असं म्हणणारे शहरातले लेख मी पुष्कळ वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. केळीच्या कापणीवर जाणाऱ्या मजुराचा हिशोब अगदी चोख असतो. डॉक्टरकडे जायचं तर दिवसाचा रोज बुडतो, जाण्यायेण्याचं भाडं, तपासणीची फी, वर लघवी-रक्ताची तपासणी सांगितली तर तीही. मेडिकलवर तीन गोळ्या शंभराच्या आत येतात आणि संध्याकाळी काम आटोपून घरी जाताना घेता येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येणाऱ्या तडवी किंवा पावरा कुटुंबाला तर हा हिशोब करण्याइतकीही मोकळीक नसते. शिवाय घसादुखी आणि सर्दी चार-पाच दिवसांत आपोआप बरी होते. गोळी घेतली आणि बरं वाटलं, म्हणजे गोळीनेच बरं वाटलं, असा निष्कर्ष कोणीही काढेल. चांगले शिकलेले, पगारदार लोकही तोच काढतात, आणि त्यांच्या घरात तर उरलेल्या गोळ्यांचा डबाच असतो.

म्हणून या पुस्तिकेत 'गोळ्या घेऊ नका' एवढंच सांगून चालणार नव्हतं. का घेऊ नका, हे सांगायला हवं होतं, आणि ते समजायला आपल्या भागाइतका तयार वाचक दुसरीकडे मिळणार नाही. इथल्या शेतकऱ्याने ही गोष्ट शेतात आधीच भोगलेली आहे.

विषाणू आणि जिवाणू यांतला फरक घ्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो समजावताना घाम फुटतो. पण २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलमध्ये केळीवर सीएमव्ही आला, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तेव्हा काय करावं लागलं ते आठवा. पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटायचं आणि बांधाबाहेर नेऊन नष्ट करायचं. रोग पसरवणाऱ्या माव्यावर फवारणी होती. आत शिरलेल्या विषाणूवर कोणतीच पुडी नव्हती. स्ट्रेप्टोसायक्लिन ओतून हरण्या गेला, असं एकही शेतकरी सांगणार नाही. सर्दी, फ्लू, बहुतेक खोकले, बहुतेक घसादुखी, डेंग्यू, कोविड हे सगळे त्या हरण्याच्या जातीचे, म्हणजे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिक त्यांना काहीही करत नाही. तरी कोविडच्या काळात अॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन आपण फुटाण्यासारखं खाल्लं.

आणि औषध निकामी कसं होतं, हे समजायला गुलाबी बोंडअळी पुरेशी आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं, आणि २०१७ च्या खरिपात बोंडं फोडून पाहिली तर आत अळी मजेत बसलेली. ज्या अळ्या मेल्या त्या मेल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांचीच प्रजा पुढे वाढली. बियाण्याच्या पिशवीसोबत येणारं नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं पाकीट किती जणांनी बांधाकडेने लावलं आणि किती जणांनी फेकून दिलं, हे ज्याचं त्याला माहीत. शरीरात हेच होतं, फक्त फार वेगाने. अळीला एक पिढी काढायला महिना लागतो. आतड्यातला जिवाणू पोषक वातावरणात वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. शिवाय औषध पचवण्याची ही करामत तो शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतो, हे अळीला कधी जमलं नाही. आपण घशासाठी घेतलेली गोळी घशापुरती राहत नाही. ती आतड्यातल्या कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणूंवर चालते, त्यांतले चिवट तेवढे मागे ठेवते, आणि पुढे कधी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की तेच चिवट गडी पुढे येतात.

स्वतः फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात नेमका हाच धोका सांगितला होता: पेनिसिलिन कुणालाही दुकानात मिळू लागलं, तर माणसं ते अपुऱ्या मात्रेत घेतील आणि जंतूंना मारण्याऐवजी शिकवून सोडतील. औषध जेमतेम बाजारात आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

टायफॉइडचं उदाहरण इथे थोडं सविस्तर देतो, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या तापाला 'टायफॉइड' म्हणायची पद्धत आहे. १९४८ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि टायफॉइडची दहशत संपली. १९७२ मध्ये केरळात कोझिकोडला त्याला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. नव्वदीच्या दशकात तेही ढिलं पडू लागलं, आणि आज भारतीय उपखंडात टायफॉइडवर त्याचा भरवसा उरलेला नाही. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या सिंधमधल्या हैदराबादला जो टायफॉइड पसरला, त्याच्यापुढे सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शनही चाललं नाही. तोंडाने घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, अॅझिथ्रोमायसिन. सर्दीला मेडिकलवरून तीन गोळ्यांची जी पट्टी आपण आणतो, तीच ही. २०१९ मधल्या भारतातल्या खासगी औषधविक्रीचा जो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्यांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक पाचशे मिलीग्रॅमचं अॅझिथ्रोमायसिनच निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने ते 'जपून वापरा' या गटात घातलेलं आहे.

दुसरी गोष्ट क्षयाची, आणि मला ती सगळ्यांत गंभीर वाटते. महिनाभराचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरलेलं. माणूस मेडिकलवर जातो आणि 'छातीत कफ साठला' म्हणून लेव्होफ्लॉक्सासिनची पट्टी मिळते. दहा दिवस बरं वाटतं. खरोखर बरं वाटतं, कारण हे औषध क्षयाच्या जंतूवरही चालतं. बहुऔषधरोधी क्षयाच्या उपचारात ते मुद्दाम वापरतात. पण एकटं आणि थोडे दिवस घेतलेलं हे औषध क्षय मारत नाही, फक्त दडपतं. या काळात थुंकीची तपासणी झाली तर तीत जंतू न दिसण्याचीही शक्यता. निदान महिना-दोन महिने पुढे जातं, तोवर घरातली नातवंडं त्याच खोलीत झोपतात, आणि जो क्षय नंतर सापडतो तो कदाचित लेव्होफ्लॉक्सासिन ओळखून बसलेला असतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११-१२ मध्ये उपलब्ध सगळ्या औषधांना दाद न देणारे चार क्षयरुग्ण जगापुढे मांडले, तेव्हा सरकारदरबारी शब्दावरून वाद झाला. 'पूर्णतः औषधरोधी' म्हणायचं की नाही, यावर. रुग्णांना त्या वादाचा काय उपयोग होता कोण जाणे.

इथे डॉक्टरांनाही सोडून चालणार नाही, आणि पुस्तिकेतल्या डॉक्टरांनी ते सोडलेलं नाही, याचं मला बरं वाटलं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका पाहणीत शंभरेक खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी निरनिराळ्या प्रकारची औषधयोजना लिहून दिली होती. गावाकडे तर कागदच नसतो; एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी अशी पुडी बांधून मिळते. त्यात अँटिबायोटिक होतं की स्टेरॉइड, हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. सलाइन लावल्याशिवाय पेशंट समाधानाने जात नाही, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर सलाइन लावल्याशिवाय सोडत नाही, असं पेशंट म्हणतो. दोघंही खरं बोलतात.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायला पूर्वीपासूनच बंदी आहे. ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने त्यावर 'शेड्यूल एच-वन' आलं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या औषधांसाठी दुकानदाराने वेगळी वही ठेवायची, तीत रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ती तीन वर्षं जपायची. २०१६ मध्ये सरकारने पट्टीवरच्या लाल रेघेची मोहीम काढली: कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. कल्पना चांगली, निरक्षरालाही समजणारी. पण मेडिकलवर कात्री चालते. दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापल्या की रेघ एका तुकड्यावर, नाव दुसऱ्यावर, आणि मुदत संपण्याची तारीख तिसऱ्याच घरी जाते. तुमच्या हातात येते ती चार फुगवट्यांची कोरी चंदेरी चकती.

'कोर्स पुरा करा' या वाक्याबद्दलही एक खुलासा. आपण ते मंत्रासारखं म्हणतो. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी या मंत्रालाच आव्हान दिलं: जास्त दिवस औषध घेतल्याने जंतू चिवट होण्याचा धोका कमी होतो, याला फारसा आधार नाही, उलट अनेक आजारांत कमी दिवसांचा उपचार तेवढाच गुणकारी ठरतो. हे खरं आहे. क्षयाला मात्र ते अजिबात लागू नाही. तिथे महिनेच्या महिने औषध घ्यावं लागतं. म्हणून पुस्तिकेत 'कोर्स पुरा करा'ऐवजी 'डॉक्टरने सांगितले तितके दिवस घ्या, आणि लवकर बरं वाटलं तर फोन करून विचारा' असं लिहिलं आहे. मला ही दुरुस्ती आवडली. माणसांना अर्धं सत्य पाठ करायला लावण्यापेक्षा प्रश्न विचारायला लावलेलं बरं.

जनावरांचं प्रकरण छोटं आहे, पण वाचाच. गाईची कास सुजली की घरात पडलेलं इंजेक्शन देणं आणि त्याच संध्याकाळी दूध डेअरीत घालणं, हे आपल्या गोठ्यांतलं नेहमीचं चित्र. कोलिस्टिन हे माणसासाठी जवळजवळ शेवटचं राखून ठेवलेलं औषध कोंबड्यांच्या खाद्यातही घातलं जायचं. जुलै २०१९ मध्ये त्यावर देशभर बंदी आली. कोंबड्यांचं नाव निघालं की खानदेशात नवापूर आणि २००६ चा बर्ड फ्लू आठवतो. तोही विषाणूच.

सगळ्या जगाचा आकडा एकच देतो. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट गेलेल्या माणसांची संख्या पावणेतेरा लाखांच्या घरात होती. 'द लॅन्सेट'ने २०२२ मध्ये हा अंदाज छापला.

पुस्तिका कशी वाचावी, तेवढं सांगून थांबतो. पहिल्या प्रकरणात अँटिबायोटिक न घेता घरी काय करता येतं ते आहे: जुलाबाला ओआरएस आणि लहान मुलांना झिंक, तापाला पॅरासिटामॉल आणि पाणी, घशाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. दुसऱ्यात, कोणती लक्षणं दिसली की एक दिवसही अंगावर काढायची नाहीत, याची यादी आहे; लहान बाळाचा धापेचा श्वास आणि दोन आठवड्यांवरचा खोकला त्यात सर्वांत वर आहेत. खोकल्याची थुंकी सरकारी दवाखान्यात फुकट तपासून मिळते, त्याला रोज बुडवावा लागला तरी बुडवा. मेडिकलवाल्यांसाठी वेगळं प्रकरण आहे आणि ते त्यांना न रागावता लिहिलं आहे, कारण रात्री दहा वाजता दारात उभ्या राहिलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं काय असतं ते लिहिणाऱ्याला माहीत आहे.

शेवटची चार पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहून त्यापुढे कोणतं औषध कधी, कुणी, किती दिवस दिलं ते टिपून ठेवा. कुठल्या गोळीने किंवा सुईने अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, श्वास कोंडला, तर ते नाव लाल शाईने लिहा आणि दवाखान्यात जाताना पुस्तिका सोबत न्या. गोळ्या कापून घ्याव्याच लागल्या तर नाव असलेला तुकडा मागा.